जन्मजात काचबिंदू आणि अर्भकाच्या मेंदूचे चित्रण

गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेबपत्रके मंजुरीसाठी मांडली असता एका ज्येष्ठ सभासदांनी निर्धन रुग्ण निधीच्या खर्चातील एका बाबीवर बोट ठेवले. नेत्रविभागात दाखल झालेल्या तान्ह्या रुग्णांच्या नावे मेंदूच्या एम.आर.आय. तपासणीचा खर्च त्या निधीत पडलेला होता. "आजार डोळ्याचा, मग खर्च मेंदूवर कसा?" असा त्यांचा रास्त प्रश्न होता. वेळेअभावी सभेत त्यास त्रोटक उत्तर दिले गेले. या अहवालात दरवर्षी एखाद्या आजाराची माहिती देणारा लेख छापण्याचा प्रघात आहे. यंदाचा लेख हे त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर समजावे, अशी सन्माननीय विश्वस्त, देणगीदार व हितचिंतक यांना विनंती आहे.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. येथे जे लिहिले आहे ते आपल्या रुग्णालयातील नेत्रतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ व क्ष-किरण विभागातील डॉक्टर यांच्याकडे बसून, शंका विचारून समजून घेतलेले आहे. शिवाय, सभासदांनी विचारलेला प्रश्न त्यांच्याही आधी आम्हीच एका अर्जावर लाल शाईने लिहिला होता. ती हकिगत पुढे येईल. ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

काचबिंदू म्हटले की साठीच्या पुढचा रुग्ण डोळ्यांसमोर येतो. तो जन्मतःच असू शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. डोळ्याच्या आत पाण्यासारखा एक द्रव अखंड तयार होत असतो आणि पारपटल व बुबुळ यांच्यामधील कोनात असलेल्या सूक्ष्म जाळीतून तो निचरून जातो. गर्भावस्थेत ही जाळी नीट घडली नाही तर निचरा तुंबतो आणि डोळ्यातील दाब वाढतो. प्रौढ माणसाच्या डोळ्याचे आवरण ताठर असते, म्हणून दाब वाढला तरी डोळा आकाराने वाढत नाही. अर्भकाचे आवरण मात्र सुमारे तीन वर्षांपर्यंत लवचीक असते. ते ताणले जाते आणि डोळाच मोठा होतो. नवजात बालकाच्या पारपटलाचा आडवा व्यास सर्वसाधारणपणे साडेनऊ ते साडेदहा मिलिमीटर असतो. पहिल्या वर्षात तो १२ मिलिमीटरच्या वर गेला तर काचबिंदूचा संशय घ्यावयाचा असतो. मूल उजेडाकडे पाहत नाही, डोळे घट्ट मिटून घेते, डोळ्यांतून सतत पाणी गळते. पुढे पारपटल दुधी, धुरकट दिसू लागते.

आपल्याकडे अडचण अशी की टपोऱ्या डोळ्यांचे सर्वांना कौतुक. "डोळे कसे हरणासारखे आहेत," असे म्हणून शेजारणी दृष्ट काढतात आणि तेवढ्यात दोन-तीन महिने हातचे निघून जातात. पाणी गळते ते काजळ कमी घातले म्हणून, असे म्हणून आणखी काजळ घालणाऱ्या आजीही आम्ही बाह्यरुग्ण विभागात पाहिल्या आहेत. त्यांच्या मायेविषयी शंका नाही.

हा आजार दुर्मीळ आहे. पाश्चात्त्य देशांत साधारण १०,००० ते २०,००० जन्मांमागे एका बालकास तो होतो असे मानतात. आंध्र प्रदेशातील पाहणीत मात्र हे प्रमाण ३,३०० जन्मांमागे एक इतके आढळले होते. यामागील सर्वांत महत्त्वाचे जनुक, सी.वाय.पी.१बी१, १९९७ साली सापडले. सदोष जनुक आई व वडील दोघांकडूनही आले तरच आजार प्रकटतो. म्हणून नात्यातील विवाह जेथे जास्त, तेथे आजारही जास्त. दक्षिण महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची रीत अद्याप पुष्कळ घराण्यांत आहे, हे येथे नोंदविणे भाग आहे. उपचार मुख्यतः शस्त्रक्रियेचा. थेंब हे शस्त्रक्रिया होईपर्यंतचा आधार किंवा तिच्यानंतरची जोड असतात.

आता मेंदूकडे वळू. डोळा हा स्वतंत्र अवयव आहे अशी आमची समजूत होती. बालरोगतज्ज्ञांनी ती पहिल्याच बैठकीत दूर केली. डोळ्याच्या मागील पडद्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टीच्या मज्जातंतूत दहा लाखांहून अधिक धागे असतात, आणि तो मज्जातंतू व तो पडदा हे दोन्ही गर्भात मेंदूपासूनच फुटलेले कोंब आहेत. ज्या जाळीतून डोळ्यातील पाण्याचा निचरा होतो, तिच्या पेशींचे मूळही फार दूर नाही. गर्भाच्या आरंभीच्या आठवड्यांत भावी मेंदूच्या कडेवरून पेशींचा एक समूह सुटतो आणि निरनिराळ्या ठिकाणी जाऊन वस्ती करतो. शास्त्रात त्यास न्यूरल क्रेस्ट म्हणतात. डोळ्यातील निचऱ्याची जाळी, पारपटलाचा काही भाग, चेहऱ्याची हाडे, दातांचा गाभा आणि मेंदूच्या पुढील भागावरील आवरणे या सर्वांत त्याच समूहाचा वाटा आहे. तेव्हा एका ठिकाणी घडणीत चूक आढळली तर त्याच गवंड्यांनी अन्यत्र काय बांधले आहे, हे पाहावे लागते. ही उपमा आमची. डॉक्टरांनी ती हसून मान्य केली.

मेंदूत दोष आढळणाऱ्या या बालकांचे स्थूलमानाने तीन गट पडतात असे आम्हांस समजले.

पहिल्या गटात काचबिंदू आणि मेंदूतील दोष ही एकाच मूळ विकाराची दोन अंगे असतात. स्टर्ज-वेबर हा त्यांतील सर्वांत महत्त्वाचा विकार. विल्यम स्टर्ज या इंग्लिश वैद्याने १८७९ साली अशी एक मुलगी वैद्यकीय मंडळींपुढे सादर केली होती. कपाळावर व वरच्या पापणीवर द्राक्षाच्या मद्याच्या रंगाची जन्मखूण, त्या बाजूच्या डोळ्यात काचबिंदू आणि त्याच बाजूच्या मेंदूवरील आवरणात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे, असे याचे रूप असते. मेंदूच्या त्या भागाचा रक्तपुरवठा बिघडतो. परिणामी बहुतेक बालकांस पहिल्या वर्षातच झटके येऊ लागतात आणि विरुद्ध बाजूचे हातपाय दुबळे पडू शकतात. गर्भाच्या वाढीत एका पेशीतील जी.एन.ए.क्यू. या जनुकात झालेला बदल याच्या मुळाशी असतो, हे २०१३ साली उघड झाले. तो बदल आईवडिलांकडून आलेला नसतो. ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून डाग आला, हा आरोप ज्या सुनांनी आजवर मुकाट्याने सोसला, त्यांना हे कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगावयास हवे. आपल्या समुपदेशक भगिनी ते आता आवर्जून सांगतात.

येथे मेंदूचे चित्र केवळ माहितीसाठी नसते. स्टर्ज-वेबर असलेल्या डोळ्यात आतल्या थरातही रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते आणि शस्त्रक्रियेत दाब एकाएकी उतरला तर आत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. भूलतज्ज्ञांना झटक्यांची शक्यता आधी ठाऊक असावी लागते. म्हणजे मेंदूविषयीचे ज्ञान शस्त्रक्रियागृहात उपयोगी पडते.

याच गटात आणखी काही विकार येतात. ॲक्सेनफेल्ड-रीगर विकारात बुबुळाची घडण वेडीवाकडी असते, दात लहान व विरळ असतात, बेंबीभोवती जास्तीची कातडी असते. त्यातील फॉक्स-सी१ या जनुकाचा दोष असेल तर लहान मेंदूची घडण बिघडलेली आढळू शकते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने याच जनुकाचा संबंध मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराशी जोडला. लोव विकारात मुलगे जन्मतःच मोतीबिंदू घेऊन येतात, सुमारे निम्म्यांस काचबिंदूही होतो, मूत्रपिंडांतून क्षार वाहून जातात आणि मेंदूच्या आतील पांढऱ्या भागात लहान पोकळ्या दिसतात. वॉकर-वॉरबर्ग विकारात मेंदूच्या वळ्याच नीट पडत नाहीत, मेंदूत पाणी साचते आणि स्नायू लुळे असतात. अशी बालके फार काळ जगत नाहीत. त्या घरी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढण्यापूर्वी मेंदूचे चित्र दाखविणे ही माणुसकी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. न्यूरोफायब्रोमॅटोसिस या विकारात पापणी जाड व लोंबती असते, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग असतात, आणि दृष्टीच्या मज्जातंतूवर गाठ आहे किंवा कसे हे चित्रणातूनच समजते.

दुसरा गट संसर्गाचा. गरोदरपणी आईस रुबेला झाल्यास बालकास मोतीबिंदू होतो, हे ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली दाखवून दिले. त्याच बालकांत काचबिंदू, हृदयदोष, बहिरेपणा आणि मेंदूत कॅल्शियमचे ठिपकेही आढळतात. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. या गटावर याहून जास्त लिहीत नाही, कारण यावरील खरा इलाज लसीचा आहे.

तिसरा गट आम्हांस सर्वांत विचार करावयास लावणारा वाटला. यात मेंदू जन्मतः ठीक असतो. दोष डोळ्यातच असतो, पण त्याची झळ मेंदूस पोहोचते. दृष्टीचा मज्जातंतू दाबाने झिजला की मेंदूतील ज्या थांब्यावर तो संपतो, तेथील पेशीही सुकत जातात. प्रौढ रुग्णांच्या बाबतीत हे २००६ साली कॅनडातील संशोधकांनी मृत्यूनंतरच्या तपासणीत दाखविले होते. अर्भकाची गोष्ट आणखी निराळी. मेंदूचा पाहण्याचा भाग पहिल्या महिन्यांत व वर्षांत चित्र मिळेल तसा घडतो. ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजराच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांनी हे सिद्ध झाले आणि त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. धुरकट पारपटलामागे राहिलेल्या डोळ्याकडून मेंदू पाहण्यास शिकतच नाही. पुढे शस्त्रक्रियेने दाब उतरला, पारपटल निवळले, तरी तो डोळा आळशी राहतो. ही हानी नेहमीच्या एम.आर.आय. मध्ये बहुधा दिसत नाही. अहवालावर "मेंदू सर्वसाधारण" असे लिहून येते आणि पालक निर्धास्त होऊन चष्मा व डोळ्यावरील पट्टी सोडून देतात. तेव्हा चांगला अहवालही समजावून सांगावा लागतो.

आता ती हकिगत. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात नेत्रविभागाकडून एक अर्ज आमच्या टेबलावर आला. ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबातील पाच महिन्यांचा मुलगा, उजव्या डोळ्यात काचबिंदू. कपाळावर तीट व पापणीत भरपूर काजळ होते. परिचारिकेने ते पुसल्यावर उजव्या पापणीपासून कपाळापर्यंत फिकट तांबूस डाग उघडा पडला. सावळ्या त्वचेवर असे डाग सहज नजरेतून सुटतात. डॉक्टरांनी मेंदूचा एम.आर.आय. मागितला होता व खर्च निर्धन रुग्ण निधीतून व्हावा अशी शिफारस केली होती. आम्ही त्यावर लिहिले, "डोळ्याच्या रुग्णास मेंदूचे चित्रण कशासाठी? खुलासा करावा." कागद परत गेला. संबंधित डॉक्टर रजेवर होते. मग सुट्ट्या आल्या. खुलासा आमच्याकडे येईपर्यंत जवळजवळ तीन आठवडे लोटले.

त्या दरम्यान एका रात्री खोपीवर मुलाचा डावा हात व पाय उडू लागले. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी चप्पल हुंगवली. झटका किती वेळ चालला हे कोणास सांगता आले नाही. सकाळची पहिली एस.टी. मिळेपर्यंत मंडळी थांबली. मुलगा आपल्याकडे पोहोचला तेव्हा डावा हात हलत नव्हता. तातडीने चित्रण झाले आणि उजव्या मेंदूच्या मागील बाजूस आवरणात रक्तवाहिन्यांचे जाळे स्पष्ट दिसले.

आम्ही बालरोगतज्ज्ञांना सरळ विचारले की चित्रण वेळेवर झाले असते तर हे टळले असते काय. त्यांनी उत्तर सौम्य केले नाही, कठोरही केले नाही. झटका कदाचित तरीही आला असता, असे ते म्हणाले. तो येण्यापूर्वीच औषध सुरू करावे किंवा नाही, याबाबत तज्ज्ञांत एकमत नाही. परंतु आईवडिलांस आधीच सांगितले गेले असते की असे होऊ शकते. मुलास कुशीवर कसे वळवावे, तोंडात काही घालू नये, घड्याळ पाहावे आणि पाच मिनिटांच्या वर झटका चालला तर नाकात फवारावयाचे औषध जवळ ठेवावे, हे त्यांच्या हाती असते. तेवढे सारे आमच्या लाल शाईने अडविले. मुलाच्या आजी नंतर कार्यालयात आल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. "साहेब, कागूद कुठं अडकला व्हता?" एवढेच त्यांनी विचारले.

त्यानंतर आमचे मन दुसऱ्या टोकास गेले. जन्मजात काचबिंदूच्या प्रत्येक बालकाचे मेंदूचित्रण सरसकट निधीतून करावे, असा प्रस्ताव आम्ही वैद्यकीय समितीपुढे ठेवला. समितीने तो नामंजूर केला. नामंजुरीची कारणे आम्हांस पटली.

पहिले कारण भुलीचे. एम.आर.आय. यंत्रात बराच वेळ निश्चल पडून राहावे लागते आणि आवाज कर्णकर्कश असतो. अगदी तान्ह्या बाळास दूध पाजून, दुपट्यात गुंडाळून झोपेतच तपासणी उरकता येते. थोडे मोठे झाले की गुंगी किंवा भूल लागते. तीन वर्षांखालील मुलांस वारंवार किंवा तीन तासांहून अधिक भूल देण्याबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली सावधगिरीचा इशारा दिलेला आहे. काचबिंदूच्या बालकास दाब मोजण्यासाठीच पुन्हा पुन्हा भूल द्यावी लागते. त्यात निष्कारण भर का घालावी? दुसरे कारण असे की ज्या बालकात डोळ्याखेरीज कोणतेही लक्षण नाही, डोके योग्य आकाराचे आहे, वाढ वेळेवर आहे, त्याच्या मेंदूत उपचार बदलेल असे काही सापडण्याचा संभव थोडा. तिसरे कारण आमच्या ध्यानीमनी नव्हते. चित्र फार लवकर काढले तर ते फसवे असू शकते. स्टर्ज-वेबरमध्ये पहिल्या महिन्यांतील चित्र निर्दोष दिसूनही दोष नंतर प्रकट होतो. म्हणून संशय बळकट असेल तर वर्षाच्या सुमारास चित्रण पुन्हा करतात. शिवाय अर्भकाच्या मेंदूतील धाग्यांवरील आवरण अजून चढत असते, त्यामुळे प्रौढांच्या चित्रात जे काळे ते येथे पांढरे दिसते. लहान मुलांची चित्रे वाचण्याची सवय नसलेल्या डोळ्यांची त्यात फसगत होते. सी.टी. स्कॅन लवकर होतो व स्वस्तही पडतो, परंतु त्यात किरणोत्सर्ग आहे, आणि ज्या कॅल्शियमच्या रेघा तो उत्तम दाखवितो त्या पहिल्या महिन्यांत पुष्कळदा उमटलेल्याच नसतात. टाळू उघडी असेपर्यंत तिच्यावर यंत्र ठेवून केलेली सोनोग्राफी मात्र बिनभुलीची व अल्प खर्चाची. मेंदूत पाणी साचले आहे काय, हे तीत कळते. आवरणावरील जाळे सहसा कळत नाही.

आणखी एक गोष्ट समितीत निघाली. एक तान्हे बाळ सुस्त पडून दूध ओढीना, श्वास मंद झाला, म्हणून मेंदूच्या तपासणीसाठी आले होते. बाहेरून दिलेल्या थेंबांची बाटली आईने पिशवीतून काढली तेव्हा उलगडा झाला. ब्रिमोनिडिन हे काचबिंदूचे औषध मोठ्यांना चालते, परंतु दोन वर्षांखालील बालकांस वर्ज्य आहे. ते मेंदूत उतरून गुंगी आणते व श्वास थांबवू शकते. थेंब बंद केले, बाळ सावध झाले. त्या बाळाच्या चित्रणाचा खर्च झालाच नाही. हिशेबाच्या वहीत अशा वाचलेल्या रकमेस रकाना नसतो.

सध्याची पद्धत अशी आहे. जन्मजात काचबिंदूचे प्रत्येक बालक शस्त्रक्रियेपूर्वी बालरोगतज्ज्ञ पाहतात. चेहरा काजळ व तीट पुसून, दिवसाच्या उजेडात तपासला जातो. डोक्याचा घेर, स्नायूंचा ताण, हृदय, ऐकणे व वाढीचे टप्पे नोंदविले जातात. जन्मखूण, झटके, घेरातील फरक, रेंगाळलेली वाढ, लुळेपणा, बुबुळाची सदोष घडण किंवा डोळ्याच्या स्थितीशी न जुळणारी दृष्टी यांपैकी काहीही आढळले तर एम.आर.आय. सुचविला जातो आणि शक्य तेथे तो नेत्रतपासणीच्या भुलीतच उरकला जातो. त्यासाठी दोन विभागांच्या वेळा जुळविणे हे काम प्रशासनाचे; सुरुवातीस कुरबूर झाली, आता महिन्यातील दोन सकाळी त्यासाठी राखून ठेवलेल्या आहेत.

मंजुरीचा मार्गही बदलला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी देयकांच्या रकमेतील २ टक्के भाग निर्धन रुग्ण निधीच्या स्वतंत्र खात्यात ठेवावयाचा असतो. या निधीतून खर्च करताना कागदपत्रे हवीतच. त्यात सूट नाही. मात्र दोन वर्षांखालील बालकाच्या बाबतीत बालरोगतज्ज्ञांची सही असेल तर तपासणी आधी होते व कागद मागाहून पुरे केले जातात. "खुलासा करावा" असा शेरा लिहावयाचा असेल तर तो त्याच दिवशी दूरध्वनीवर विचारावा, असा नियम आम्ही स्वतःस घालून घेतला आहे.

तो मुलगा दर तीन महिन्यांनी येतो. डोळ्यातील दाब दोन शस्त्रक्रियांनंतर आटोक्यात आहे, झटक्यांचे औषध चालू आहे. वाटी तो दोन्ही हातांनी धरतो, खाऊ घेताना उजवा हात पुढे करतो. त्याचे पुढील चित्रण येत्या आर्थिक वर्षात होणार असून त्याची तरतूद अंदाजपत्रकात केली आहे. सभासदांच्या सोयीसाठी ही रक्कम यापुढे नेत्रविभागाच्या एकत्रित खर्चात न मिसळता "बालरुग्ण : मेंदूचित्रण" अशा वेगळ्या ओळीत दाखविली जाईल.